ठाण्याहून अंबाजोगाईकडे: गाडी चढवून आणावी की चालवत?

निघण्यापूर्वी

ट्रान्सपोर्टवाल्याने नमुन्यादाखल पाठवलेल्या बिल्टीच्या, म्हणजे मालवाहतुकीच्या पावतीच्या, तळाशी, बारीक अक्षरांत, ‘माल मालकाच्या जोखमीवर’ अशी एक ओळ होती. अंबाजोगाईत ट्रॅक्टर आणि शेती अवजारांच्या सुट्या भागांचे दुकान मी गेली २२ वर्षे चालवतो आणि माझा निम्मा माल बिल्टीवरच येतो, त्यामुळे ही ओळ मला नवी नव्हती. या वेळी मात्र माल म्हणजे बेअरिंगची खोकी नव्हती. ठाण्यातील एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतलेली २०१४ सालची पोर्शे बॉक्स्टर होती, आणि तिच्यासाठी मी ११ वर्षे पैसे बाजूला टाकत आलो होतो.

उघड्या कार कॅरिअरवर चढवून आणण्याचे भाडे मला १६,००० रुपये सांगितले गेले. रस्त्यावरील मालवाहतुकीचा २००७ चा जो केंद्रीय कायदा आहे, त्यानुसार माल पाठवणाऱ्याने जादा जोखमीचा वेगळा दर भरलेला नसेल, तर नुकसानीबद्दल वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. म्हणजे गाडी कॅरिअरवरून घसरली तरी माझ्या हाती जास्तीत जास्त १,६०,००० रुपये येणार होते. गाडीचा सर्वसमावेशक विमा असेल तर ती दुसऱ्या वाहनावर चढवून नेली जात असतानाचे नुकसानही त्यात धरले जाते, पण तो विमा आपल्या नावावर झालेला असला पाहिजे. मालकी बदलल्यापासून १४ दिवसांच्या आत त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि बरेच जण ‘गाडी घरी आली की बघू’ म्हणून हेच काम मागे ठेवतात. मी ते सर्वांत आधी केले. पुढे गाडी कशीही आणली असती, तरी हे काम टळणारे नव्हतेच.

चालवत आणायचे ठरले ते मात्र दुसऱ्याच कारणाने. कॅरिअर छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या वाहनतळापर्यंतच येणार होते. तिथून पुढे अंबाजोगाई आणि अंबाजोगाईपासून ११ किलोमीटर आत असलेले आमचे गाव, हे सगळे अंतर माझे मलाच बघावे लागणार होते. बंदिस्त कंटेनरमधून एकटी गाडी आणणाऱ्याने ४५,००० रुपये सांगितले, आणि तोही अंबाजोगाईच्या मुख्य रस्त्यावर गाडी उतरवून परत फिरणार होता. अशा खाली बसलेल्या गाडीला जिथे खरा धोका आहे, तो टप्पा दोघांच्याही भाड्यात नव्हता. जो रस्ता महाराष्ट्रात सर्वांत चांगला आहे, त्याच्यासाठी पैसे मोजायचे आणि जो सर्वांत वाईट आहे त्यावर एकट्याने उतरायचे, हे मला पटेना. म्हणून मी उलटे करायचे ठरवले: चांगल्या रस्त्यावर स्वतः चालवायची आणि शेवटचे ११ किलोमीटर फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवून न्यायची.

बरोबर दाजी यायला तयार झाले. ते एसटीत ३१ वर्षे चालक होते आणि त्यांच्या हातून एकही अपघात झालेला नाही. गाडीला आसनेच दोन, त्यामुळे दुसरा माणूस निवडून घ्यावा लागतो, आणि मला त्यांच्याहून योग्य माणूस मिळाला नसता.

पहिला दिवस: ठाणे

लातूरहून रात्रीच्या मुंबई एक्स्प्रेसने निघालो आणि जानेवारीतल्या त्या सकाळी डॉक्टरसाहेबांच्या इमारतीखाली पोचलो. गाडी धुऊन, पुसून तयार होती. या गाडीचे सहा सिलिंडरचे इंजिन आसनांच्या मागे, मधोमध बसवलेले आहे. ते वरून दिसत नाही, मागच्या सामानकप्प्यात तेल आणि कूलंट भरायची फक्त तोंडे आहेत. तेलाची पातळी बघायला दांडीही नाही, ती समोरच्या पडद्यावर वाचावी लागते. दाजींना हे अजिबात रुचले नाही. इंजिन डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांनी आजवर डेपोतून गाडी बाहेर काढलेली नव्हती.

दाजी गुडघ्यांवर बसून टायर बघत होते, तिथेच आमचा दिवस अडकला. टायरची नक्षी जवळजवळ नवी होती, कारण गाडी फारशी चालली नव्हती. पण बाजूच्या भिंतीवर लंबगोल चौकटीत चार आकडे कोरलेले असतात, त्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तिथे ३८१७ असे होते, म्हणजे टायर २०१७ सालच्या अडतिसाव्या आठवड्यात तयार झालेला. दाजींनी अंगठ्याने रबर दाबून नक्षीच्या खाचा उघडल्या तेव्हा तळाशी केसांसारख्या बारीक भेगा दिसल्या. आठ वर्षांपेक्षा जास्त काळ, बहुतेक एकाच जागी उभ्या असलेल्या गाडीखाली, ते रबर वाळत आले होते. कॅरिअरवरून गाडी आणली असती तर नक्षी बघून मी समाधान मानले असते आणि हे टायर आमच्याकडच्या उन्हाळ्यात फुटले असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

“समृद्धीवर यांच्यावर जायचं नाही,” दाजी म्हणाले. “तिथं गाडी तासन् तास एकाच वेगात पळती. टायर तापतो, आन् तापला की जुना टायर सांगून फुटत नाही.”

पुढचे टायर २३५ रुंदीचे आणि मागचे २६५ चे, त्यामुळे चारही एका दुकानात मिळेनात. दोन ठाण्यात मिळाले, दोन मुलुंडहून मागवावे लागले, आणि बसवून होईपर्यंत संध्याकाळ झाली. डॉक्टरसाहेबांनी निम्मा खर्च स्वतःहून दिला; मी मागितला नव्हता. फास्टॅग त्यांच्या नावावरचा होता, तो बंद करून माझ्या नावाचा लावला. उच्च सुरक्षा नंबरपाटी त्यांनी आधीच बसवून घेतली होती. चाकांच्या नटांत प्रत्येक चाकाला एक कुलपाचा नट असतो आणि तो उघडायचे खास टोक गाडीच्या पुढच्या कप्प्यातल्या पिशवीत असते. ते नीट आहे ना हे बघून घेतले, कारण ते हरवले तर जगातला कोणताही पंक्चरवाला चाक काढू शकत नाही.

दुसरा दिवस: ठाणे ते छत्रपती संभाजीनगर

पहाटे साडेपाचला निघालो. भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हाही ट्रकांची रांग होती, आणि मोठ्या कंटेनरच्या चाकांच्या उंचीला आपले डोके येते ही गोष्ट मला तिथे पहिल्यांदा जाणवली. कंटेनरच्या चालकाला आपण त्याच्या आरशात दिसत नाही, असे धरूनच चालवावे लागते. दाजींनी रेडिओ लावू दिला नाही. “पहिले पन्नास किलोमीटर नुसती गाडी ऐका,” एवढेच ते म्हणाले.

आमणे येथे समृद्धी महामार्गावर चढलो. मुंबई ते नागपूर असा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता टप्प्याटप्प्याने खुला झाला. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. हा शेवटचा टप्पा नसता तर मला कसारा घाटातून ट्रकांच्या मागे रांगत जावे लागले असते, आणि मग कॅरिअरचा विचार मी बहुधा पुन्हा केला असता. आता सुमारे आठ किलोमीटर लांबीच्या जुळ्या बोगद्यातून डोंगर ओलांडला जातो. बोगद्यात काच खाली केली. मागच्या इंजिनाचा आवाज भिंतींवरून परत येत होता आणि दाजी कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत.

मोटारींना इथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. मी बहुतेक वेळ ९० ते १०० च्या दरम्यान राहिलो, कारण नव्या टायरवर साच्यातला निसरडा थर असतो आणि तो झिजेपर्यंत पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर सबुरीने चालवावे लागते. या रस्त्यावर दुचाकी नाहीत, रिक्षा नाहीत, गुरे नाहीत, चौक नाहीत. त्यामुळे डोळे उघडे राहतात आणि मन मात्र झोपते. दर पाऊण तासाने थांबायचे असे दाजींनी आधीच ठरवून टाकले होते आणि त्यांनी ते मोडू दिले नाही. प्रत्येक थांब्यावर ते चारही टायरांना तळहात लावून बघत. चारही सारखेच कोमट लागले की पुढे निघायचे.

सिन्नर मागे टाकल्यावर स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर येऊ लागली. ९२ ला सुरू होई, १०५ ला नाहीशी होई. मी वेग ८५ वर आणला आणि डावीकडच्या मार्गिकेत राहिलो. जांबरगावला वैजापूर तालुक्यात शिरलो, म्हणजे मराठवाड्यात आलो. हरभऱ्याची आणि उशिरा पेरलेल्या गव्हाची शेते दिसू लागली, आणि पुढे माळीवाड्याजवळ देवगिरीचा सुळका उजेडात उभा दिसला तेव्हा पोटातली धाकधूक कमी झाली. घर अजून सव्वादोनशे किलोमीटर लांब होते, पण इथून पुढचा प्रत्येक फाटा मला ओळखीचा होता.

संभाजीनगरात सरळ टायरच्या दुकानात गेलो. डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या कडेला लावलेले तोलाचे वजन निसटून पडले होते, फक्त डिंकाचा डाग शिल्लक होता. २५ ग्रॅमची शिशाची पट्टी बसवल्यावर थरथर पूर्ण थांबली. या शहरात असे काम करणारी यंत्रे आणि हात सहज मिळतात, त्याला कारण आहे. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, शेंद्र्याला स्कोडाचा २००१ पासून, आणि त्यांच्याभोवती सुट्या भागांचे शेकडो कारखाने वाढले. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या लोकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या, तेव्हा देशभर बातम्या झाल्या होत्या. तेव्हा मी ती बातमी दुकानाच्या गल्ल्यावर बसून दोनदा वाचली होती. महाग गाडी घेणे ही इथल्या लोकांच्या आवाक्याबाहेरची गोष्ट नाही, हे त्या दिवशी मला कळले. ती सांभाळायची सोय मात्र संभाजीनगरच्या वेशीवर संपते, आणि हे मला दुसऱ्या दिवशी समजले.

मुक्काम भाचीकडे. तिच्या सोसायटीच्या फाटकातला गतिरोधक मी तिरका ओलांडला, आधी एक चाक, मग दुसरे, तरी पुढच्या बंपरचा खालचा काठ घासलाच. मोजपट्टी लावून बघितले तर तिथे जेमतेम ११ सेंटीमीटर अंतर होते.

तिसरा दिवस: संभाजीनगर ते अंबाजोगाई

सकाळी टाकी ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलने पूर्ण भरली. ही गाडी त्याहून कमी दर्जाच्या पेट्रोलसाठी बनवलेली नाही, आणि बीडच्या पुढे ते मिळेल यावर मी विसंबणार नव्हतो. टाकी ६४ लिटरची आहे, त्यामुळे आठवडाभराची चिंता मिटली.

बीडपर्यंतचा चौपदरी रस्ता चांगला आहे. अडूळ, पाचोड ओलांडून शहागडला गोदावरीचा पूल आला. पुलाच्या कठड्यावरून पाणी बघायला दाजींनी नेहमीप्रमाणे टोपी काढली; एसटी चालवताना हात मोकळा नसे, तेव्हा नुसती मान झुकवत, असे त्यांनी सांगितले. गेवराईनंतर उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना उसाचे शेंडे बाहेर आलेले, मागे दिवा नाही. आमच्या जिल्ह्यातली हजारो माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर जातात, आणि त्या ट्रॉल्यांवर बसलेली माणसे आपलीच आहेत, त्यामुळे त्यांच्यावर हॉर्न वाजवायला माझा हात गेला नाही. पण एवढ्या खाली बसलेल्या गाडीतून ट्रॉलीच्या पुढचे काहीही दिसत नाही, आणि ती ओलांडायची तर डावीकडच्या माणसाचे डोळे उसने घ्यावे लागतात. दाजी बाहेर मान काढून “थांबा” आणि “चला” एवढे दोनच शब्द सांगत होते. या रस्त्यावर हा प्रवास एकट्याने करू नये, हे मी अगदी मनापासून सांगतो.

मांजरसुंब्याला केजच्या रस्त्याला वळलो. इथून बालाघाटाचा चढ-उतार आणि गावागावांतले गतिरोधक. आमच्याकडे गतिरोधक पट्टी लावून बांधत नाहीत. ज्या घरासमोर अपघात झाला तिथले लोक मुरूम आणि डांबर टाकून उंचवटा करतात. मी ११ गतिरोधक मोजले. नऊ ठिकाणी तिरके जाऊन निभावले, दोन ठिकाणी दाजींना उतरवून गाडी हलकी करावी लागली. एका ठिकाणी शाळेतून सुटलेली मुले भोवती जमली आणि एका आजोबांनी विचारले, “एवढी बुटकी गाडी घिऊन कुठं चाललाव?” अंबाजोगाईला म्हटल्यावर ते म्हणाले, “मग चालतंय. फुडं गावात नका घालू, रस्ता उकरून ठिवलाय.”

केजच्या अलीकडे पडद्यावर मागच्या उजव्या टायरचा दाब उतरत असल्याचा इशारा आला. ३४ वरून ३०, मग २८. या गाडीत जादा चाक नसते. चिकट द्रवाची बाटली आणि छोटा पंप एवढेच मिळते. तो द्रव आत सोडला की टायर आतून बरबटतो आणि नंतर नीट जोडणारा माणूस सहजी मिळत नाही, म्हणून मी २६ वर असतानाच पंप लावून हवा भरली आणि केजमधल्या पंक्चरच्या टपरीपर्यंत सावकाश गेलो. टपरीवरचा पोरगा १९-२० वर्षांचा असेल. त्याने लोखंडी जॅक बाहेर काढला तेव्हा माझा जीव वर आला, कारण या गाडीला ठरलेल्या चार बिंदूंखेरीज कुठेही जॅक लावला तर खालचा पत्रा दबतो. मी काही बोलायच्या आतच त्याने जॅक बाजूला ठेवला, गाडी हाताने एक वीत पुढे ढकलायला लावली आणि खिळा बरोबर मागच्या बाजूला वर आणला. मग पकडीने तो उपसला, कानसणीने भोक साफ केले, चिकट दोरीची पट्टी सुईत ओवून आत ढकलली, टोक ब्लेडने छाटले आणि थुंकी लावून बुडबुडा येतो का ते बघितले. चाक काढलेच नाही. १०० रुपये मागितले. मी ५०० देऊ केले, तर त्याने १०० घेऊन बाकीचे परत केले आणि गाडीत एकदा बसू द्याल का, असे विचारले. तो बसला, स्टिअरिंगला हात न लावता समोर बघत राहिला, आणि उतरून पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला.

ट्रॉलीच्या साखळीचा तो खिळा मी खिशात ठेवला.

होळ मागे टाकून दिवे लागणीला अंबाजोगाईत पोचलो. योगेश्वरी मंदिरापर्यंत गाडी नेता येत नाही, म्हणून खालीच उभी करून दर्शन घेतले आणि रात्री ती दुकानाच्या गोदामात ठेवली.

चौथा दिवस: अकरा किलोमीटर

आमच्या गावचा रस्ता गेल्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीत गेला. पुलाची नळी वाहून गेली, साईडपट्ट्या खचल्या, आणि आता दुरुस्तीसाठी खडी अंथरलेली आहे. पण पाऊस पडला नसता तरी तो रस्ता या गाडीच्या कामाचा नव्हता. काळी जमीन पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावर टाकलेले डांबर दोन वर्षांत लाटांसारखे उंचसखल होते. ट्रॅक्टरला ते कळत नाही, बॉक्स्टरचे पोट मात्र प्रत्येक लाटेच्या माथ्यावर टेकते.

अपघातातली वाहने उचलणारा फ्लॅटबेड अंबाजोगाईत मिळतो. त्याने ४,००० रुपये सांगितले. त्याच्या चालकाने आधी ओढून चढवायला लोखंडी आकडा सस्पेन्शनच्या दांड्याला घालायला घेतला, तो मी थांबवला आणि पुढच्या कप्प्यातला टोचनचा हूक काढून बंपरमधल्या ठरलेल्या भोकात पिळून बसवून दिला. मग चढाचा प्रश्न आला. फ्लॅटबेडचे पाते सपाट जमिनीवर टेकवले तर चढ एवढा उभा होतो की पुढचा काठ आधी लोखंडात घुसतो. दाजींनी तोडगा काढला: फ्लॅटबेड उलटा घेऊन त्याचे शेपूट गोदामामागच्या मुरमाच्या तालीवर टेकवले, म्हणजे निम्मा चढ जमिनीनेच दिला, आणि उरलेल्या फटीत ट्रॉलीच्या दोन फळ्या घातल्या. गिअर न्यूट्रलला ठेवून विंचने तार ओढली. मी जमिनीवर आडवा होऊन बंपर आणि फळी यांच्यामधली फट बघत होतो. ती दोन बोटांची होती, मग एका बोटाची झाली, आणि परत दोन बोटांची झाली. चढली. पट्टे चारही टायरांवरून घेतले, दांड्यांना एकही बांधला नाही, म्हणजे खड्ड्यात गाडी स्वतःच्या स्प्रिंगवर खालीवर होईल आणि पट्टा तुटणार नाही.

फ्लॅटबेडच्या मागे दाजींच्या मोटारसायकलवर बसून मी अकरा किलोमीटर ती बघत गेलो. पेट्रोल, टोल, मुक्कामाचा खाऊ आणि हे ४,००० धरून माझे १३,००० च्या आत झाले. टायर मी यात धरत नाही, ते कसेही घ्यावेच लागले असते. कॅरिअरने आणली असती तर १६,००० देऊन ती वाळूजला उतरली असती, आणि वाळूजपासून पुढचा सगळा रस्ता, हे ४,००० सुद्धा, शिल्लकच राहिला असता.

गावात आप्पा ओसरीवर बसले होते. त्यांचे वय ८१. गाडी उतरवून होईपर्यंत ते काठी टेकून उभे राहिले आणि मग जवळ येऊन टायरला हात लावत म्हणाले, “सगळी चालवत आणलास का?”

“अंबाजोगाईपतुर चालवत, आप्पा. फुडं चढवून.”

“बरं केलास.”

गाडी पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टरशेजारी लावली, कडब्याच्या पेंढ्या दुसरीकडे हलवून. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड असताना, मी दाबमापक घेऊन गेलो. मागच्या उजव्या चाकात रात्री ३४ भरले होते. ३४ च होते.